ह्यूस्टन, बॉस्टन आणि गाडी न चालवणारा माणूस

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांतून एक वाद वर्षानुवर्षे चालत आलेला आहे: राहायला शहर चांगले कोणते? गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तो सुरू होतो आणि पार्किंगच्या जागेत संपतो, म्हणजे संपत नाहीच. ह्यूस्टनवासी घराचे चौरस फूट सांगतो, टेक्सासात राज्याचा आयकर नाही हे सांगतो (मालमत्ता कर किती, हे सांगायचे मात्र विसरतो) आणि जानेवारीत फावडे घेऊन बर्फ उपसावा लागत नाही म्हणून समाधानाने हसतो. बॉस्टनवासी शाळा, विद्यापीठे, इस्पितळे आणि ऑक्टोबरातील रंगलेली झाडे पुढे करतो. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

आम्ही या दोन्ही शहरांच्या परिसरात काही वर्षे काढली आहेत. हा वाद मिटत नाही याचे कारण आम्हांला असे दिसते, की दोन्ही पक्ष एकाच माणसाच्या सोयी मोजतात. तो माणूस तिशी ते पन्नाशीचा, बऱ्या पगाराचा आणि स्वतःची गाडी स्वतः चालवणारा असतो. शहरांच्या क्रमवारीच्या ज्या याद्या दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतात, त्यांतही पुष्कळदा हाच माणूस असतो. मर्सरसारख्या संस्थांच्या याद्या तर मुळात परदेशी धाडलेल्या अधिकाऱ्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यावा हे कंपन्यांना ठरवता यावे यासाठीच असतात. त्यांत आजीची, बारा वर्षांच्या मुलाची किंवा रात्रपाळीला फरशी पुसणाऱ्या बाईची गणना कोण करणार? आणि ती केली नाही, तर जी मोजली ती त्या शहरातील जगण्याची प्रत कशी म्हणावी?

ह्यूस्टनची मोठी घरे स्वस्त का, याचे उत्तर बहुतेक जण 'जागा भरपूर' एवढ्यावर देतात. ते अर्धेच खरे आहे. १८३६ साली ॲलन बंधूंनी बफेलो बायू नावाच्या संथ ओढ्याकाठी वसवलेले हे शहर आज सोळाशेहून अधिक चौरस किलोमीटरांवर पसरले आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या तेवीस लाख होती. परंतु अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत त्याचे वेगळेपण असे, की घरे कुठे, दुकाने कुठे, कारखाने कुठे हे ठरवून देणारा झोनिंगचा कायदा तेथे नाही. तो आणावा की नाही हे नागरिकांना १९४८, १९६२ आणि १९९३ असे तीनदा विचारले गेले आणि तिन्ही वेळा त्यांनी नकार दिला. पुढे १९९८ मध्ये शहराच्या मधल्या भागात घरासाठी लागणाऱ्या भूखंडाची किमान मर्यादा बरीच खाली आणली गेली, आणि जेथे एक बंगला होता तेथे तीन-तीन अरुंद, उंच घरे उभी राहिली. दिसायला ती फारशी देखणी नाहीत. पण नव्याने आलेल्या शिक्षिकेला, नर्सला, पेट्रोल पंपावरच्या कामगाराला छप्पर मिळण्याची शक्यता अशाच घरांनी वाढते. २०११ नंतरच्या दशकात ह्यूस्टनने बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आणली, त्यामागे यंत्रणांचा मेळ तर होताच, पण लोकांना ठेवायला परवडणारी घरे शिल्लक होती, हेही होते. या शहराला संस्कृती नाही म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात घ्यावी.

आता दुसरी बाजू. केटी फ्रीवे हा रस्ता २००८ पर्यंत रुंद करण्यात आला, इतका, की बाजूचे जोडरस्ते धरून काही ठिकाणी त्याच्या सव्वीस मार्गिका भरतात. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. शहरातली आधुनिक रेल्वे २००४ साली धावू लागली, पण ती जाते थोड्याच भागांतून. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील शुगर लँड किंवा केटीच्या प्रशस्त घरात उतरतात. पहिले पंधरा दिवस घराचे कौतुक होते, नंतर दुपारी खिडकीपाशी बसून ते मुलाची गाडी कधी वळते याची वाट पाहू लागतात. कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान नाही, बस नाही, बाहेर बाष्पाने जड झालेला उकाडा. पुण्यात जो गृहस्थ सत्तराव्या वर्षी एकटा मंडईत जाऊन भाजी निवडून आणी, त्याला येथे कोथिंबिरीच्या जुडीसाठी शनिवारची वाट पाहावी लागते. त्याची प्रकृती तीच असते. वाढलेले असते ते परावलंबन. शाळकरी मुलांचेही तेच. सोळाव्या वर्षी परवाना हाती येईपर्यंत त्यांचे मित्रसुद्धा आईच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरतात.

आणि पाणी. ऑगस्ट २०१७ मधील हार्वे वादळात या परिसरात एक मीटरहून अधिक पाऊस पडला. १९४० च्या दशकात बांधलेल्या ॲडिक्स आणि बार्कर या एरवी कोरड्या असणाऱ्या जलाशयांच्या बुडीत क्षेत्रातच वसाहती उभ्या राहिल्या होत्या, आणि अनेक घरमालकांना ते दारात पाणी आल्यावर कळले. फेब्रुवारी २०२१ मध्ये थंडीने राज्यभर लाखो घरांची वीज गेली. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने ह्यूस्टन परिसरातील वीस लाखांहून अधिक ग्राहक अंधारात लोटले. कुठे काय बांधावे हे न ठरवण्याच्या स्वातंत्र्यात कुणी कुठे बुडावे हेही न ठरवणे आलेच.

बॉस्टन याच्या उलट. १६३० साली वसलेले, सुमारे सव्वाशे चौरस किलोमीटर जमिनीचे, पावणेसात लाख वस्तीचे. अमेरिकेतली पहिली भुयारी रेल्वे येथे १८९७ मध्ये सुरू झाली. कॉप्ली स्क्वेअरमधील सार्वजनिक ग्रंथालयाच्या दारावर 'सर्वांसाठी विनामूल्य' अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत, आणि तेथे कुणीही दिवसभर वाचत बसावे. शहर जुने, म्हणून चालण्याजोगे, असे समजले जाते. आमच्या मते ही समजूत अपुरी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉस्टननेही मोटारीपुढे लोटांगण घातले होते: १९५० च्या दशकाच्या अखेरीस वेस्ट एंड ही गरिबांची जिवंत वस्ती जमीनदोस्त झाली, शहराच्या छातीवरून उन्नत महामार्ग गेला. पुढच्या महामार्गांसाठी रॉक्सबरी आणि जमैका प्लेनमधील घरे पाडणे सुरूही झाले होते. रहिवाशांनी विरोध केला, आणि १९७० मध्ये राज्यपाल फ्रान्सिस सार्जंट यांनी महामार्गांची कामे थांबवली. मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्यात आज ऑरेंज लाइनची गाडी धावते (१९८७ पासून), आणि बाजूने चालायचा रस्ता व बागा आहेत. तेथे संध्याकाळी काठी टेकत फिरणारा म्हातारा कुणाला 'सोडतोस का रे?' असे विचारत नाही. ही सोय शहराला वारशात मिळालेली नाही, भांडून मिळवलेली आहे. मॅसेच्युसेट्सने २००६ मध्ये आरोग्यविम्याचा कायदा केला आणि विमा नसलेल्यांचे प्रमाण तेथे देशात सर्वांत कमी झाले. टेक्सासात ते वर्षानुवर्षे सर्वांत अधिक आहे. जगातील सर्वांत मोठे वैद्यकीय संकुल ह्यूस्टनमध्ये असूनही!

मग बॉस्टन चांगले, असे म्हणून मोकळे व्हावे काय? आमचा कौल त्याच बाजूला आहे, पण तेथील मित्रांना खटकेल असे थोडे बोलायला हवे. एक तर मराठी माणूस 'आम्ही बॉस्टनला असतो' म्हणतो तेव्हा तो बहुधा श्रूझबरी, वेस्टबरो किंवा ॲक्टनला असतो. शाळेसाठी निवडलेल्या त्या सुंदर गावांत गाडीवाचून आजीची अवस्था शुगर लँडसारखीच, वर बर्फ. दुसरे, शहरातले आणि लगतचे घर ह्यूस्टनच्या दुपटीहून महाग आहे, आणि ही महागाई आभाळातून पडलेली नाही. रेल्वेच्या परिसरातील गावांनी बहुकुटुंबी इमारतींना जागा द्यावी असा कायदा राज्याने २०२१ मध्ये केला. बॉस्टनला खेटून असलेल्या मिल्टन गावाने फेब्रुवारी २०२४ च्या मतदानात त्याप्रमाणे केलेला आराखडा फेटाळून लावला. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला कायदा बंधनकारक आहे असे सांगावे लागले. दारावर पुरोगामी पाट्या लावणारी ही गावे शेजारी इमारत नको म्हणताना 'गावाचे स्वरूप' हा शब्द वापरतात. आपल्याकडच्या काही सोसायट्यांच्या नियमावल्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. २०१५ च्या एका बहुचर्चित अहवालात बॉस्टन परिसरातील गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती सुमारे अडीच लाख डॉलर आणि अमेरिकेतच मुळे असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची आठ डॉलर असल्याचे दिसले. आठ हजार नव्हे, आठ.

आणि ज्या रेल्वेचे आम्ही गोडवे गातो, ती ऑरेंज लाइन दुरुस्तीवाचून इतकी खंगली होती, की ऑगस्ट २०२२ मध्ये ती महिनाभर पूर्ण बंद ठेवावी लागली. ज्यांच्याकडे दुसरी सोय नव्हती त्यांनीच ते सोसले.

तरीही आमचा कौल बदलत नाही. बॉस्टनचा दोष आत किती जणांना घ्यायचे याविषयी आहे, आणि तो कायद्याने, मतदानाने, न्यायालयात का होईना, हळूहळू हलतो आहे. ह्यूस्टनचा दोष डांबर आणि काँक्रीटमध्ये ओतलेला आहे. सव्वीस मार्गिकांभोवती पसरलेली वस्ती पुन्हा चालण्याच्या अंतरात आणणे महाकठीण. उलट ह्यूस्टनचे भूखंडाविषयीचे औदार्य बॉस्टनने एका अधिवेशनात उचलता येण्यासारखे आहे. घर शोधणाऱ्यांनी मात्र तोवर थांबायचे कारण नाही. मॉल्डन किंवा क्विन्सीला स्थानकाजवळचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि श्रूझबरीचा बंगला यांची तुलना करायला बसाल, तेव्हा कागदावर शाळेच्या गुणांशेजारी आणखी एक रकाना ओढावा: मंगळवारी सकाळी अकरा वाजता आईला वाचनालयात जावेसे वाटले, तर ती कशी जाईल.