दीर्घायुष्य व्यक्तीचे, आयुर्मान समाजाचे

‘त्यांचे आयुर्मान ९२ वर्षांचे होते.’ ‘भारतीयांचे सरासरी वय आता सत्तर झाले.’ ‘या गोळ्यांनी तुमची लाँजेव्हिटी वाढेल.’ शोकसभेत, बातमीत आणि जाहिरातीत अशी वाक्ये सर्रास भेटतात. कानाला तिन्ही ठीक वाटतात. प्रत्यक्षात पहिली दोन चुकीची आहेत आणि तिसरे दिशाभूल करणारे. हा नुसता भाषाशुद्धीचा प्रश्न असता, तर तो व्याकरणाच्या शिक्षकांवर सोपवता आला असता. पण याच शब्दांच्या भरवशावर लोक निवृत्तीच्या पैशांचा, औषधोपचाराचा आणि म्हातारपणाचा हिशेब मांडतात.

दीर्घायुष्य लाभते ते व्यक्तीला. आयुर्मान असते ते लोकसंख्येचे. आज जन्मलेल्या मुलांना प्रत्येक वयात आजच्याच मृत्यूदराला तोंड द्यावे लागले, तर ती सरासरी किती वर्षे जगतील, याचे गणित म्हणजे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान. २०१६ ते २०२० या काळासाठी भारताचा हा आकडा ७० वर्षे होता. ‘सरासरी वय’ ही तिसरीच गोष्ट. आज हयात असलेल्या सर्वांच्या वयाची ती सरासरी असते आणि भारतासारख्या तरुण देशात ती सत्तरीच्या जवळपासही जात नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली वयाच्या १०४ व्या वर्षी गेले. त्यांना दीर्घायुष्य लाभले, हे वाक्य अचूक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीयांचे आयुर्मान पंचविशीच्या आसपास होते, हेही खरे आहे. दोन्ही विधानांत विरोध नाही, कारण आयुर्मान कमी असणे म्हणजे सगळे लोक पंचविशीत मरणे नव्हे. दहा मुलांपैकी तीन जन्मल्यावर लगेच दगावली आणि उरलेली सात साठ वर्षे जगली, तर सरासरी येते ४२. त्यांच्यातले कोणीच ४२ व्या वर्षी गेलेले नसते.

हे ध्यानात घेतले की ‘पूर्वीचे लोक शंभर वर्षे जगायचे’ आणि ‘पूर्वीचे लोक तिशीतच जायचे’ ही दोन्ही ठाम विधाने फसवी ठरतात. स्वातंत्र्याच्या सुमारास भारताचे आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. ते दुपटीहून अधिक झाले, त्याचे मोठे कारण लहान मुले वाचू लागली हे आहे. १९७१ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे १२९ बालके पहिल्या वर्षातच दगावत. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. लसीकरण, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण, प्रतिजैविके आणि जुलाबावरची जलसंजीवनी यांची ही पुण्याई आहे. तिचे श्रेय ‘लाँजेव्हिटी’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांना देण्याचे काही कारण नाही. निरोगी माणसाचे आयुष्य खात्रीने वाढवते, असे निर्विवाद सिद्ध झालेली एकही गोळी आज बाजारात नाही. उलट रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी नियमित घेतली तर पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू टळतात. पण तिच्या डब्यावर कोणी ‘दीर्घायुष्य’ असे छापत नाही.

खरा तोटा होतो तो साठीच्या उंबरठ्यावर. ‘आयुर्मान सत्तर, म्हणजे आता दहा वर्षे राहिली’ असे निवृत्त होणारा माणूस सहज बोलून जातो. पण सत्तर हा आकडा नवजात बाळासाठी आहे. बालपणाचे आणि तारुण्याचे धोके पार करून साठी गाठलेल्या भारतीयाला सरासरी आणखी १८ वर्षांच्या आसपास आयुष्य असते. दहा वर्षे धरून खर्च आखणाऱ्याची शिल्लक नेमकी आजारपण वाढते तेव्हा संपते. त्यातही स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त आणि बायको बहुधा नवऱ्यापेक्षा लहान. त्यामुळे हिशेबातली चूक शेवटी निस्तरावी लागते ती तिलाच.

आणखी एक आकडा कमी ऐकू येतो, तो म्हणजे निरोगी आयुर्मान. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारताचे आयुर्मान सुमारे ७१, तर निरोगी आयुर्मान सुमारे ६० वर्षे होते. म्हणजे आजारपणात आणि अपंगत्वात जाणारा काळ साधारण दहा वर्षांचा. ‘शतायुषी व्हा’ हा आशीर्वाद प्रेमळ आहे, पण आरोग्य धोरणाचे उद्दिष्ट ही दहा वर्षे कमी करण्याचे असायला हवे. गुडघे, डोळे, दात, कान, स्मरणशक्ती यांची काळजी तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नसेल, तर नुसते आयुर्मान वाढल्याच्या बातमीवर समाधान मानता येणार नाही.

म्हणून वयाचा कोणताही आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारावेत. तो एका व्यक्तीचा आहे की लोकसंख्येचा? जन्मापासूनचा आहे की साठीनंतरचा? आणि त्यातली निरोगी वर्षे किती? वृत्तपत्रे, विमा एजंट आणि डॉक्टर यांनी हे प्रश्न कोणी विचारण्याची वाट न पाहता त्यांची उत्तरे आकड्यासोबतच द्यायला हवीत. बँडेज पट्टीच्या कापसाच्या वजनातही आपण चूक चालवून घेत नाही. मग उरलेल्या आयुष्याच्या मापात ती का चालवून घ्यावी?