क्वार्तेलला हात लावू नका

पोर्तुगीजांच्या खुणा पुसून नव्याने सुरुवात करण्याची वेळ आली आहे, असे गोव्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी बेतूलच्या किल्ल्यावर शिवराज्याभिषेक सोहळ्यात सांगितले. मग खुणा कोणत्या, हेही सांगावे लागेल. पणजीत आझाद मैदानाला लागून उभे असलेले क्वार्तेल, म्हणजे जुनी लष्करी बराक, ही त्यांतली एक आहे काय? तसे असेल तर त्या इमारतीला हात लावू नका, हे आम्ही आजच बजावतो.

व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो यांच्या काळात, १८३२ च्या सुमारास ही बराक उभी राहिली. दलदल बुजवून पणजी वसवली जात होती, तेव्हाची ही वास्तू. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौले, एका मापाच्या खिडक्यांची लांबच लांब रांग. त्यात दिमाख नाही, शिस्त आहे. चिरा इथला आणि तो घडवणारे हातही इथलेच. वारंवारच्या बंडांना कंटाळून सरकारने १८७१ मध्ये गोव्यातले सैन्यच मोडीत काढले. सैनिक गेले, इमारत राहिली. तिच्या एका भागात पुढे वास्को द गामा संस्था आली. गोवा मुक्तीनंतर त्याच संस्थेचे नाव मिनेझिस ब्रागांझा संस्था झाले. १९३० साली विधिमंडळात गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारे लुईस द मिनेझिस ब्रागांझा ते हेच. प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी रंगवलेल्या निळ्या अझुलेजो फरशा आहेत. त्यांवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग. राज्यकर्त्यांनी भिंतीवर आपली फुशारकी लावली आणि गोव्याने त्याच दारावर त्यांच्या विरोधकाचे नाव कोरले. हा विजय पुसायचा आहे का?

याच क्वार्तेलच्या पोलिसी कोठड्यांत स्वातंत्र्यसैनिकांनी मार खाल्ला. समोरच्या मैदानात स्वातंत्र्यलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे. कोठडी नाहीशी केली तर नव्या पिढीला छळाचा पुरावा कुठे दाखवणार? आग्वादच्या तुरुंगाचे संग्रहालय याच सरकारच्या काळात झाले. तो तुरुंगही पोर्तुगीजांचाच होता. तो पुसला नाही, जपला, हे योग्यच केले. मग बेतूलला वेगळी भाषा कशासाठी?

खरे तर पुसण्यासाठी घोषणेचीही गरज पडत नाही. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि चिरा भुसभुशीत होतो. कौल सरकले आणि वेळेवर बसवले नाही, तर एका पावसाळ्यात वासा कुजतो. गोव्यातली कितीतरी जुनी घरे अशीच गेली, भाषणाविना. पारतंत्र्याचा राग आम्हालाही आहे. पण तो चिऱ्यावर काढायचा नसतो.

मुख्यमंत्र्यांनी बेतूलचे विधान मागे घ्यावे. क्वार्तेलमध्ये असलेल्या पोलीस मुख्यालयासाठी दुसरी जागा शोधावी, क्वार्तेलची दुरुस्ती चुन्यात करावी, सिमेंटमध्ये नव्हे, आणि त्या कोठड्या गोमंतकीयांसाठी खुल्या कराव्यात.