भाडं ठरवायला मुहूर्त कशाला?

मुंबईत रिक्षाचं मीटर पडलं की पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये, पुढे दर किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे. हा दर 1 फेब्रुवारी 2025 पासूनचा. त्याआधी ऑक्टोबर 2022 मध्ये किमान भाडं 21 वरून 23 झालं होतं, मार्च 2021 मध्ये 18 वरून 21, आणि ते 18 रुपये ठरले होते 2015 मध्ये. म्हणजे जवळपास सहा वर्षं दर जागचा हलला नाही आणि मग दीड-पावणेदोन वर्षांत दोनदा वाढला. महागाई अशी उड्या मारत वाढत नाही. रिक्षाचं भाडं मात्र मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची बैठक लागेल तेव्हा बदलतं आणि बैठक लागते सरकारला सोयीचं असेल तेव्हा. अलीकडची वाढ आली ती विधानसभेचं मतदान उरकल्यावर अडीच महिन्यांच्या आत, एसटीच्या 14.95 टक्के वाढीला जोडूनच. हा योगायोग आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल मानावं.

हिशेबाचं सूत्र नव्हतं म्हणून असं झालं, असंही नाही. 2012 मध्ये हकीम समितीने इंधन, गाडीची किंमत, देखभाल, चालकाचा निर्वाह अशा घटकांवरून दरवर्षी भाडं काढण्याची पद्धत सुचवली. त्यातल्या गृहीतकांवर ग्राहक संघटनांनी आक्षेप घेतला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, मग खटुआ समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल स्वीकारायला 2020 साल उजाडलं. समित्या दोन झाल्या, तरी ‘दरवर्षी’ हा शब्द कागदावरच राहिला. आता साधा गुणाकार करून पाहा. ऑक्टोबर 2012 मध्ये किमान भाडं 15 रुपये झालं आणि सव्वाबारा वर्षांनी 26 वर पोचलं. चक्रवाढीने हे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतं. हीच वाढ ठरलेल्या तारखेला झाली असती, तर प्रवाशाला दरवर्षी रुपया, कधी त्याहून कमी-जास्त द्यावा लागला असता आणि त्यासाठी ना संपाचा इशारा लागला असता, ना मंत्र्यांची मध्यस्थी. माझं म्हणणं एवढंच आहे की सूत्र एकदा जाहीर सुनावणी घेऊन पक्कं करा, आणि त्यानंतर दर ठरवणं हे कारकुनाचं काम होऊ द्या.

दर अडवून ठेवला की प्रवासी वाचतो, असं वरवर दिसतं. 2022 चं उदाहरण घ्या. राज्याने 1 एप्रिलपासून सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला, तरी ऑगस्टपर्यंत मुंबईत सीएनजी किलोला 80 रुपयांच्या पुढे गेला होता. भाडं वाढलं ऑक्टोबरमध्ये. पाळीवर रिक्षा चालवणारा आधी मालकाचे पैसे बाजूला काढतो, मग गॅस भरतो आणि उरेल ते घरी नेतो. मधल्या महिन्यांत फरक सोसायचा तो त्याच उरलेल्यातून. मग तो काय करतो? जवळचं भाडं नाकारतो, वळसा घेतो, शेअरमध्ये चौथा बसवतो. तेव्हा प्रवाशाचे वाचलेले पैसे दुसऱ्या वाटेने जातातच, शिवाय स्टेशनबाहेर चार रिक्षांपुढे अजिजी करावी लागते ती वेगळी. वाढ झाली तरी सगळ्या मीटरांचं कॅलिब्रेशन व्हायला महिनोन्‌महिने जातात. तोवर चालकाच्या हातातलं दरपत्रक आणि प्रवाशाच्या मनातला संशय. इलेक्ट्रॉनिक मीटरची सक्ती करून बारा वर्षं उलटली, तरी दर वाढला की आपण मीटर एका जागी आणि खरा आकडा दुसऱ्या जागी वाचत बसतो! वाढीची तारीख आधीच ठाऊक असेल तर मीटरवाल्यालाही तयारी करता येईल.

यावर सगळ्यात तिखट आक्षेप असा की भाडं वाढवलं तरी रिक्षावाले नाकारायचे ते नाकारतातच. खरं आहे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 178 उघडून पाहा. परवानाधारी तीनचाकीने भाडं नाकारलं तर दंड पन्नास रुपयांपर्यंत. 2019 च्या दुरुस्तीत इतर वाहनांसाठी तो दोनशेवरून पाचशे झाला. रिक्षाचे पन्नास 1988 पासून तसेच आहेत. इतका स्वस्त गुन्हा कोण टाळेल? दर रास्त ठेवला की दंड कडक करायचा नैतिक अधिकार सरकारला मिळतो; आज दोन्ही बाजू लंगड्या आहेत.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. 1997 पासून वीस वर्षं नवे परवाने बंद होते, 2017 मध्ये ते खुले झाले, रिक्षा वाढल्या आणि प्रत्येकाच्या वाट्याच्या फेऱ्या घटल्या. सूत्रात ‘दिवसाला इतके किलोमीटर धंदा’ हे गृहीतक असेल, तर गर्दी वाढेल तसं भाडं वाढेल आणि रिकाम्या रिक्षांचा खर्च प्रवाशाच्या माथी बसेल. म्हणून वार्षिक फेरआढाव्यात फक्त इंधन, विमा, देखभाल आणि महागाई निर्देशांक असावेत. रिकामं फिरणं त्यात नको. परवाने किती द्यायचे हा वाद स्वतंत्र आहे, त्याची वसुली मीटरमधून करू नये.

राहता राहिले ‘बाजारावर सोडा’ म्हणणारे. नाशिक-नागपुरात मीटर बहुतेक शोभेपुरतंच उरलं आहे, तिथे तो बाजार पाहायला मिळतो. रात्री अकराला दोन पिशव्या आणि लहान मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला घासाघीस करता येत नाही, आणि रिक्षा बोलावायच्या ॲपला तिची ही अडचण भाडं चढवायला पाऊस पडायच्या आधीच कळलेली असते. कलम 178 चा आकडा कायद्यातच लिहिलेला आहे. भाड्याची तारीख ठरवायला मात्र कलम 67 खाली राज्य सरकारचे निर्देश पुरतात.