घट्टपणा म्हणजे दर्जा नव्हे

वैरागच्या बाजारात गवारीच्या शेंगा विकणारा बागवान आणि शांपूच्या पुड्या विकणारा मणियार हे एकाच पिकाचे व्यापारी आहेत, असे म्हटले तर दोघेही हसतील. पण गोष्ट खरी आहे. केस मऊ करणाऱ्या पुष्कळ शांपूंत गवारीच्या बियांचा डिंक असतो. पुडीवर त्याचे नाव ‘ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड’ असे छापतात, म्हणून ती आपली गवार आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

जगातील बहुतेक गवार भारतात पिकते आणि त्यातही राजस्थानचा वाटा सर्वांत मोठा आहे. बियांचे टरफल व अंकुर काढून मधला भाग दळला की डिंकाची भुकटी मिळते. उरलेली चुरी व कोरमा जनावरांना खाऊ घालतात. साधी भुकटी पाण्यात फुगते आणि पाणी दाट करते, पण तेवढ्याने केस मऊ होत नाहीत. त्यासाठी कारखान्यात प्रक्रिया करून तिला धन विद्युतभार देतात. केसांवर, विशेषतः खराब झालेल्या केसांवर, ऋण भार असतो. त्यामुळे शांपू धुऊन टाकला तरी डिंकाचा पातळ थर केसांवर राहतो व कंगवा सहज फिरतो. शंभर ग्रॅम शांपूला असा डिंक बहुधा अर्ध्या ग्रॅमच्या आतच पुरतो.

आमचे म्हणणे येथूनच सुरू होते. गिऱ्हाईक शांपू बोटावर घेऊन तो किती दाट आहे ते पाहते आणि दुकानदारही त्यावरच माल खपवतो. पण अनेक शांपू साध्या मिठानेही घट्ट होतात. 2012 साली अमेरिकेतील तेल-वायूच्या विहिरींसाठी मागणी वाढली आणि गवार बियांचा भाव क्विंटलला तीस हजारांच्या आसपास गेला. शेवटी त्या वर्षी वायदेबाजारच थांबवावा लागला. माल असा महागला की स्वस्तातल्या घट्टपणाचा मोह होतो. डब्यातून सुटा शांपू घेणाऱ्या सलूनवाल्या बंधूंनी म्हणूनच सावध राहावे. घट्ट पाणी औषधी म्हणून विकणे हे मापात मारण्यासारखेच आहे.

आपल्या गिऱ्हाइकांचा दुसरा प्रश्न हलालचा असतो. गवारीचा डिंक वनस्पतीचा आहे, त्याच्या नावाला बिचकण्याचे कारण नाही. मात्र त्याच पुडीतील ग्लिसरीन किंवा स्टिअरिक आम्ल वनस्पतीचेही असू शकते व प्राण्यांच्या चरबीचेही. केराटिन तर बहुधा लोकर, पिसे किंवा शिंगांपासून काढतात. नुसत्या नावावरून उगम कळत नाही. तेव्हा दुकानदाराने अंदाजाने ‘हलाल आहे’ किंवा ‘हराम आहे’ असे सांगू नये. कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

घरी शिकेकाई-रिठ्याचा शांपू करून विकण्याचा विचार आपल्यातील काही तरुण करतात. तो विचार चांगला आहे. तमिळनाडूतील कडलूरसारख्या गावातून 1983 साली थोड्या भांडवलावर ‘चिक’ शांपूच्या पुडीचा धंदा सुरू झाला आणि तो देशभर पोचला. पण 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे नियम यांप्रमाणे असा माल तयार करून विकण्यास परवाना लागतो व घटक लेबलावर छापावे लागतात. आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करावी, मगच बाटल्या आणाव्यात.

लेबल वाचायला दोन मिनिटे लागतात. ज्याला आपल्या दुकानातील मालाची माहिती आहे, त्याच्याकडे गिऱ्हाईक विश्वासाने परत येते. पुडीचा नफा चार-आठ आण्यांचा असेल, पण हा विश्वास ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती सांभाळली तरच रोजीत बरकत राहील.