पडद्यावरचे तुकोबा

आमच्या घरच्या देव्हाऱ्यात विठोबाच्या मूर्तीशेजारी तुकाराम महाराजांची एक लहानशी तसबीर होती. डोक्यास पागोटे, कपाळी गंध, अर्धवट मिटलेले डोळे आणि मुखावर असा भाव, की पाहणाऱ्याने आपोआप आवाज खाली आणावा. आमचे गाव अंबड तालुक्यातले. आजी रोज पहाटे उठून त्या तसबिरीला गंध लावी, तुळशीचे पान वाही आणि जात्यावर बसण्यापूर्वी दोन अभंग म्हणे. ती कधी शाळेत गेली नव्हती. परंतु तिला शेकडो अभंग मुखोद्गत होते.

मी तेरा वर्षांचा असताना शाळेच्या ग्रंथालयातील एका जुन्या मासिकात मला तोच चेहरा दिसला. खाली नाव होते विष्णुपंत पागनीस. प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली काढलेल्या ‘संत तुकाराम’ या बोलपटात पागनिसांनी तुकोबांची भूमिका केली होती. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट महाराष्ट्राने तर डोक्यावर घेतलाच. पण १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही त्याचा गौरव झाला. पागनीस पूर्वी नाटकांतून स्त्रीभूमिका करीत असत. असा नट तुकोबा कसा शोभेल, अशी शंका पुष्कळांनी घेतली होती. तो असा शोभला, की लोक रस्त्यात त्यांच्या पाया पडू लागले आणि तुकोबा म्हणून त्यांचीच छबी घरोघर पुजली जाऊ लागली. पुढे आमच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमात हा बोलपट आला, तेव्हा आजीने तो पाहिला होता आणि येताना तेथूनच ती तसबीर आणली होती.

नवे ज्ञान पदरी पडले म्हणजे ते कोणावर तरी फेकावे, असे त्या वयात वाटते. मी धावत घरी गेलो आणि मोठ्या ऐटीने म्हणालो, “आजी, तू रोज ज्याची पूजा करतेस तो तुकाराम नाही. तो सिनेमातला नट आहे!”

आजीने हातातली वात खाली ठेवली नाही. ती म्हणाली, “ठाऊक आहे रे लेकरा. खरे तुकोबा कोणी पाहिलेत? हात जोडायला एक चेहरा लागतो, म्हणून हा ठेवला.”

मला ते उत्तर त्या वेळी मुळीच पटले नाही. अडाणी माणसाची पळवाट, असे मी मनात म्हटले. हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

त्याच वर्षी वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी तुकोबांवर भाषण केले. एका बीजापासून कोट्यवधी वृक्ष कसे होतात, हे सांगणारा एक सुंदर अभंग मी भाषणाच्या शेवटी घोळून घोळून म्हटला. टाळ्याही मिळाल्या. सभा संपल्यावर गावातले एक वृद्ध वारकरी जवळ आले आणि सौम्यपणे म्हणाले, “बाळ, हा अभंग गाथ्यात कोठे आहे, तेवढे मला दाखव. मला काही सापडत नाही.” मुंबई सरकारने १९५० साली छापलेल्या गाथ्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. दोन रात्री कंदिलाशी बसून मी पाने उलटली. अभंग नव्हताच! तो शांताराम आठवले यांनी त्या बोलपटासाठी रचला होता, आणि तो इतका साधला होता, की भल्या भल्या जाणत्यांनीही तो तुकोबांचाच समजून गाथ्यात शोधला, असे पुढे वाचनात आले. तेव्हा माझा राग थोडा ओसरला. पण एक गोष्ट मनास टोचत राहिली. आजीने चेहरा उसना घेतला होता आणि तो उसना आहे हे तिला ठाऊक होते. मी शब्द उसने घेतले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

थोर माणसांची पहिली भेट पडद्यावर व्हावी, यात कमीपणा मानावा असे मला वाटत नाही. थोरांची भेट बहुधा कोणाच्या तरी हातूनच होते. तुकोबांचे चरित्र ज्यांनी ओवीबद्ध करून घरोघर पोहोचविले, ते महिपती १७१५ साली जन्मले. म्हणजे तुकोबांच्या निर्वाणानंतर पासष्ट वर्षांनी. त्यांनाही ऐकीव गोष्टींवरच विसंबावे लागले. कीर्तनकार, शाहीर, भारूडवाले हे सारे मधले हातच होते. तथापि एक फरक आहे आणि तो लहान नव्हे. कीर्तनात तुकोबांचे नाव निघाले, की ऐकणारा प्रत्येक जण आपापला तुकोबा मनात उभा करी. शंभर श्रोते असले तर शंभर तुकोबा! पडदा मात्र एकच चेहरा देतो, आणि तो इतका जिवंत असतो, की दुसरा चेहरा कल्पिण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

मी शिक्षक असताना वर्गातील एका मुलाने संभाजी महाराजांचे चित्र काढले. चित्र खरोखर छान होते. पण चेहरा होता डॉ. अमोल कोल्हे यांचा. २०१७ ते २०२० या काळात दूरचित्रवाणीवर चाललेल्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेत त्यांनी ती भूमिका केली होती. शेजारच्या मुलाने शिवाजी महाराज काढले होते. तोही चेहरा तोच! कारण २००८ साली सुरू झालेल्या मालिकेत शिवराय झाले होते तेही कोल्हेच. मी हसून ही गोष्ट दाखविली, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने तोड काढली, “गुरुजी, बापलेक आहेत, सारखे दिसणारच!”

हसण्यावारी न्यावे असे मात्र यात सगळेच नाही. आमच्या वाडवडिलांच्या काळी रंगभूमीवर संभाजी महाराज उतावळे आणि व्यसनी दाखविले जात, आणि लोक तेच खरे मानीत. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा विद्वान, शूर राजा लोकांपुढे आला. आजचा पडदा आपणांस हा दुसरा संभाजी दाखवितो. उद्याचा पडदा आणखी काय दाखवील, हे कोणी सांगावे?

आणखी एक अडचण आहे. पडद्याला धावपळ लागते. घोडे, तलवारी, वादळे त्याला मानवतात. एखादा मनुष्य तासन् तास बैठक मारून लिहीत बसला आहे, हे त्याला दाखविता येत नाही. आमच्या जिल्ह्यातील जांब हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान. १६०८ साली ते येथे जन्मले. मी मुलांना सहलीस तेथे नेले, तेव्हा वाटेत विचारले, समर्थ म्हटले की काय दिसते? उत्तरे ठरलेली होती: हातात कुबडी, वाऱ्यावर उडणारी छाटी, झपझप चालणारी पावले, आणि बोहल्यावरून ‘सावधान’ ऐकून पळालेला नारायण. सारे चित्रांतले आणि मालिकांतले. शिवाजी महाराजांनी १६७९ सालच्या नोव्हेंबरात खुद्द जालन्याच्या पेठेवर स्वारी केली होती, हे तर कोणालाच ठाऊक नव्हते. रायगडावरील राज्याभिषेकाचा थाट मात्र सर्वांना तोंडपाठ!

जांबेत राममंदिराच्या ओसरीवर बसून मी ‘दासबोध’ उघडला आणि एकोणिसाव्या दशकातील पहिला समास वाचून दाखविला. तो कशावर आहे? हस्ताक्षरावर! अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. शाई काळीभोर असावी. ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात. पहिले अक्षर ज्या वळणाचे काढले, त्याच वळणाचे ग्रंथातले शेवटचे अक्षर निघावे, म्हणजे सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटेल. आणि कागदाच्या चहूकडे जागा सोडावी, म्हणजे पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही.

मुले चकित झाली. रानावनांतून हिंडणारा हा पुरुष समासाची जागा किती सोडावी, याचीही काळजी वाहत होता, हे त्यांना कोणत्याच पडद्याने सांगितले नव्हते. एकाने तर पुस्तक माझ्या हातून ओढून घेतले आणि ते शब्द खरोखर तेथे आहेत ना, याची खात्री करून घेतली. मला त्या मुलाचा फार हेवा वाटला. मी त्याच्याएवढा असताना हेच करायला हवे होते.

परतीच्या एस. टी.त एका मुलीने दप्तरातून आपली वही काढली. पावसात भिजून तिच्या पानांच्या कडा गळाल्या होत्या आणि प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर त्यांबरोबर गेले होते. ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली.

“गुरुजी,” ती म्हणाली, “हे कोणीतरी आधी सांगायला हवे होते.”

“साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगितले आहे,” मी म्हणालो.