औषधी वेषांतली दारू

अलीकडे सुशिक्षित घरांतून एक नवें पाकशास्त्र रुजूं लागलें आहे. शनिवारच्या सायंकाळीं पाहुण्यांपुढें जो पेला येतो त्यांत जिन असते, लिंबाचा रस असतो, वर तुळशीचीं दोन पानें तरंगत असतात आणि सबंध पेयाला गोकर्णाच्या फुलांची जांभळी झांक असते. पेला पुढें करतांना यजमान हमखास म्हणतात, 'घ्या हो, सगळें वनस्पतींचेंच आहे, घरींच केलेलें आहे!' आमचा वाद त्या पेल्याशीं नाहीं. त्या वाक्याशीं आहे.

जिन ही मुळांतच वनस्पतींची, हें कोण नाकारतो? तिचें नांवच डच येनेव्हरवरून आलें, आणि येनेव्हर म्हणजे जिला आपले वैद्य हपुषा म्हणतात त्या जातीची वनस्पति. तिचीं फळें, धने, अँजेलिकाचें मूळ, संत्र्याची साल ह्यांचा अर्क उतरला म्हणजे जिन होते. गोव्यांत होणाऱ्या एका जिनला तर 'हपुसा' हेंच नांव दिलेलें आहे. परंतु उगमीं वनस्पति असणें म्हणजे गुणानें औषध असणें, हा न्याय कोणत्या तर्कशास्त्रांतला? त्याच न्यायानें तंबाखूही वनौषधीच ठरावी.

आतां थोडा हिशेब करूं. आपल्याकडील जिनमध्यें मद्यार्क बहुधा शेंकडा ४२.८ असतो. म्हणजे ६० मिलिलिटर जिनमध्यें सुमारें २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क झाला. त्यांत तुळस घाला, गवती चहा घाला, गुलाबाच्या पाकळ्या घाला. वीसाचे एकोणीस होत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधनसंस्थेनें १९८८ सालींच मद्याची गणना कर्करोगास निश्चित कारण होणाऱ्या द्रव्यांत केली. आणि २०२३ च्या आरंभीं त्या संघटनेनें स्वच्छ सांगितलें कीं, निर्धोक म्हणावी अशी मद्याची मात्राच नाहीं. तुळशीच्या दोन पानांनीं हा निकाल फिरत नाहीं.

ही युक्ति नवीही नाहीं. १७३६ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें जिनच्या किरकोळ विक्रीवर ५० पौंडांचा परवाना व जबर कर बसविला. औषधार्थ विकल्या जाणाऱ्या मद्याला मात्र सूट होती. तेव्हां लंडनचे दुकानदार तीच जिन रंग देऊन, औषधाच्या बाटल्यांत भरून, पोटशूळावरचें पाणी म्हणून विकूं लागले. तो कायदा १७४३ त मोडीत निघाला. त्या दुकानदारांना निदान कायद्याचें भय होतें. आमच्या यजमानांना स्वतःच्या दिवाणखान्यांत कोणाचें भय आहे?

कोणी म्हणतील, 'आणि आपलीं आसवें-अरिष्टें?' त्यांतही आंबण्यानें मद्यार्क उत्पन्न होतो, हें खरें. पण तो अदमासें शेंकडा पांच ते दहा. आणि मात्रा तीन-चार चमचे, जेवणानंतर, पाण्यांतून. द्राक्षासवाची सबंध बाटली गप्पा मारीत कोणी रिचवीत नाहीं. औषधाला मात्रा असते आणि रोग असतो. ह्या पेल्याला ह्यांपैकीं कोणतें आहे?

तुळशीचें पान जिनमध्यें पडलें म्हणून धर्म बुडाला, असा आक्रोश करणाऱ्यांच्या पंक्तींतही आम्ही बसत नाहीं. प्रौढ मनुष्यानें जाणूनबुजून काय प्यावें हा त्याचा प्रश्न आहे. पण 'जाणूनबुजून' ह्या शब्दावरच सारी मदार आहे. त्या बैठकींत मोटार हांकून घरीं जाणारा एखादा पाहुणा असतो, झोपेच्या गोळ्या घेणारे एखादे काका असतात, गर्भवती सूनबाई असते, एकोणीस वर्षांचा भाचा असतो. 'वनस्पतींचेंच आहे' हें ऐकून ह्यांतला जो हात पुढें करील, त्याची फसवणूक झाली. आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें पिण्यास परवाना लागतो, आणि जिनसारख्या कडक मद्यासाठीं वयाचीं २५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात, ह्याचें स्मरण तर कोणासच नसतें.

ज्यांना हा पेला करावयाचाच आहे त्यांनीं तो नीट तरी करावा. जिन मापानें ओतावी, हातानें नव्हे. ४५ मिलिलिटर पुष्कळ झाली. तिला २० मिलिलिटर लिंबाचा रस, १५ साखरेचा पाक, आणि एकच पान व एकच फूल. तुळस, पुदिना, गवती चहा आणि गुलाब एकदम कोंबले कीं एकाचाही वास उरत नाहीं. पानें तळहातावर टाळी मारून घालावीं. कुटलीं तर कडवट होतात. गोकर्णाचें निळें पाणी लिंबानें जांभळें होतें ती केवळ अम्लाची करामत; रंग पालटला म्हणून गुण पालटत नाहीं. फुलें हारवाल्याकडचीं घेऊं नयेत, कारण तीं फवारलेलीं असतात. आणि दिसावयास सुंदर म्हणून कण्हेर घालणें म्हणजे पाहुण्यांस विष घालणें होय.

मग तो पेला पाहुण्यांपुढें खुशाल ठेवावा, आणि म्हणावें, 'ही जिन आहे.' एवढे तीन शब्द ज्यांना उच्चारवत नाहींत, त्यांनीं कोकम सरबत करावें. तेंही वनस्पतींचेंच आहे, घरींच होतें, आणि त्यासाठीं खोटें बोलावें लागत नाहीं.