धावणारं नाक, चालणारं दुकान

‘रन म्हणजे धावणे.’ महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आलं, तेव्हापासून सहा वर्षांच्या पोरालाही हे पाठ असतं. पुढे कधीतरी त्याच्यासमोर ‘माय नोज इज रनिंग’ असं वाक्य येतं आणि चेहरा सोडून रस्त्यानं पळत सुटलेलं नाक त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. यात चूक पोराची नाही. एक दाणा हातावर ठेवून आपण त्याला कणीस दिल्याचं सांगितलेलं असतं.

कणीस केवढं आहे ते पाहा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकारानं ‘रन’ हातात घेतला, तेव्हा त्याचे नऊ महिने या एका शब्दात गेले. नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५. नामाचा हिशेब वेगळाच. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत जास्त अर्थांचा मान ‘सेट’कडे होता, तो गेला. विद्वानांच्या तोंडी शोभणारे लांबलचक शब्द कोशात दोन-चार ओळींत आटपतात. पानंच्या पानं खातात ते हे किरकोळ, रोजच्या राबत्यातले शब्द.

आता त्या नाकाविषयी. जुन्या इंग्रजीतल्या ‘रिनन’ या क्रियापदात धावणं आणि वाहणं दोन्ही होतं. जर्मननं पुढे वाटणी केली: ‘रेनेन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणं, पाझरणं. इंग्रजीनं ती केली नाही. त्यामुळे नदी, नळ, नाक आणि धुण्यात कपड्याचा फुटणारा रंग हे सगळे ‘रन’ होतात, ते कुणा कवीच्या कल्पनेनं नव्हे, जुन्या हक्कानं. संस्कृतातल्या ‘धाव्’ धातूतही धावण्याबरोबर वाहणं होतंच. मराठीनं वाहणं वेगळं काढलं, म्हणून आपलं नाक वाहतं आणि रंग जातो.

खरी मौज मात्र पुढे आहे. इंग्रजी माणूस दुकान, शाळा, यंत्र, संस्था सगळं ‘रन’ करतो. आपण यातलं काहीही धाववत नाही. आपण चालवतो. दुकान चालतं, गिरणी चालते, खटला चालतो, भिशी चालते, फाटकी नोट चालत नाही, आणि एखाद्याचं डोकं भलतंच चालतं. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ लंडनमध्ये १९५२ साली लागलं. करोनाकाळातला खंड सोडला तर ते तिथे ‘रन’ होतंय. आपल्याकडे नाटक चालतं, नाहीतर पडतं. जिथे इंग्रज पळतो तिथे आपण निवांत चालत जातो, यावरून कुणी राष्ट्रीय स्वभावाचे सिद्धांत मांडू नयेत (मांडणारे भेटतात). त्यांचा ‘रन’ जसा आपल्याला छळतो, तसा आपला ‘चालणे’ परक्याला छळतो. मराठी शिकणाऱ्याला ‘चालेल’ हा एवढासा होकार समजावून सांगून पाहा.

निवडणुकीत तर तीन देशांच्या तीन तऱ्हा. अमेरिकेत उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. आपणही त्याला उभाच करतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. उभा आहे म्हटल्यावर तो पडू शकतो, त्याला पाडता येतं, आणि अर्ज मागे घेण्याच्या दिवशी चहापाणी करून बसवताही येतं. ‘त्याला बसवला’ या दोन शब्दांत तालुक्याचं जे राजकारण मावतं, ते अमेरिकन माणसाला त्याच्या धावण्याच्या भाषेत सांगायला बराच वेळ लागेल. पळणाऱ्याला बसवणार कसं?

क्रिकेटनं मात्र आपल्याला सरळ भाषांतर दिलं. सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये काठीवर खाच पाडून गुण मोजत आणि त्या गुणाला ‘नॉच’, म्हणजे खाचच म्हणत. नंतर ‘रन’ रूढ झाला. मराठीत त्याची ‘धाव’ झाली, बाळ ज. पंडितांच्या आकाशवाणीवरच्या समालोचनातून घराघरांत गेली आणि इतकी मुरली की चौकार मारून जागेवर उभ्या राहिलेल्या फलंदाजाला आपण बिनदिक्कत चार धावा देतो. कुणीच धावलेलं नसतं. अर्थ इंग्रजीतच पायांवरून घसरून फळ्यावर गेला होता. आपण तो घसरलेल्या जागेवरून उचलला. हे भाषांतर मला अतिशय आवडतं.

आवडत नाही ते वर्तमानपत्रातलं. ‘गणेशोत्सवात जादा गाड्या धावणार’ हे आता कानाला खटकत नाही, हे मान्य. पण फलाटावर उभा असलेला माणूस विचारतो, ‘गाड्या चालू आहेत का?’ बातमीतली गाडी धावते आणि माणसांच्या तोंडातली चालू असते, ती बंद पडते, उशिरा येते. बातमीदारानं इंग्रजी पत्रक समोर ठेवून लिहिलं की गाडी धावू लागते, असा माझा संशय आहे. हल्ली हेच काम यंत्र करतं आणि ‘वी आर रनिंग आउट ऑफ मिल्क’चं काय करून ठेवील याचा नेम नाही. घरात एवढंच म्हणतात: दूध संपत आलंय.

शिकवणीवर्गांवर माझा राग आहे तो इथेच. इंग्रजी सुधारण्याच्या नावाखाली तिथे भारदस्त शब्दांच्या याद्या घोकून घेतात, जे शब्द इंग्रज स्वतः महिन्यातून एकदा वापरत असेल. ‘रन इंटू’, ‘रन ओव्हर’, ‘रन डाउन’, ‘रन अप’ यांच्याकडे बघायला वेळ नसतो. मित्र अचानक भेटला आणि मित्र गाडीखाली आला, यांत इंग्रजीत एका चिमुकल्या शब्दाचा फरक आहे. त्याचं मोल परीक्षेत नसेल, पण जगात आहे. ६४५ अर्थ कुणी पाठ करू नयेत. गिलिव्हर यांनीही पाठ केले नसतील. शब्द कुठे, कुणाबरोबर दिसला ते पाहायची सवय लागली तरी पुरे.

ती सवय लावायला इंग्रजी पुस्तकच हवं असंही नाही, कारण हा शब्द आपल्याकडे येऊन केव्हाच नोकरीला लागलाय. हिंजवडीतला पोरगा ‘कोड रन होत नाहीये’ म्हणतो. तिथे धावणं नाही, चालणंही नाही, ‘रन’च. आणि ‘रनिंग’नं तर शाळेत न जाता संसार थाटलाय. मराठी कोशाची नवी आवृत्ती निघेल तेव्हा तो नाम म्हणून घ्यावा, अशी माझी सूचना आहे. नोंदीचा मसुदा देतो.

रनिंग, न. (१) पहाटेचा धावण्याचा सराव, विशेषतः पोलीस भरतीच्या मुलांचा. ‘सोळाशे मीटरचं रनिंग बसत नाहीये.’ (२) चालत्या लोकलची अवस्था. ‘रनिंगमध्ये चढू नकोस.’ (३) सुतार, फर्निचरवाले यांचं सरळ लांबीचं माप. ‘फूट’ या शब्दामागे. ‘रनिंग फुटाला काय घेणार?’ (४) ठेकेदारीत, काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं निघणारं. ‘बिल’ या शब्दामागे. (५) जुन्या गाड्यांच्या बाजारात, गाडीनं आजवर कापलेलं अंतर. ‘रनिंग एकदम कमी आहे, साहेब.’ ‘मीटर फिरवलेला नाही ना?’